बाईंच्या माडीवर पाच महिने: पोटभाड्याचं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं. चूक माझी होती: घरमालकिणीला न विचारता मी भाड्याची जागा दुसऱ्याला राहायला दिली. ती निस्तरताना जे कळलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर एका वयस्कर बाईची आठ-दहा दिवसांची झोप उडाली नसती, म्हणून सविस्तर लिहितो आहे. माणसांची नावं घालत नाही.

फोंडा तालुक्यातलं बांदोडे गाव. दुमजली घर, पुढे अंगण, तुळशीवृंदावन, मागे विहीर आणि आठ-दहा माड. खाली घरमालकीण एकट्या राहतात. मराठी प्राथमिक शाळेत त्यांची नोकरी झाली, त्यामुळे सगळा वाडा त्यांना ‘बाई’ म्हणतो आणि आम्हीही. वयाने सत्तरी ओलांडलेली. मुलगा पुण्यात, मुलगी मडगावला. वरच्या माडीवर २०२२च्या फेब्रुवारीपासून आम्ही नवरा-बायको. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात आहे. भाडं १४,००० रुपये, डिपॉझिट ४२,०००. दर ११ महिन्यांनी नवा लिव्ह अँड लायसन्स करार. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो, म्हणून हा ११ महिन्यांचा रिवाज. आमचा चौथा कागद १ नोव्हेंबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ असा होता. त्यातलं नववं कलम एका ओळीचं: जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. सही करताना मी ते वाचलं होतं.

मार्च २०२५मध्ये बायको बाळंतपणासाठी सावंतवाडीला माहेरी गेली. २० मार्चला, गुरुवारी, कंपनीने सांगितलं की सोमवारपासून अंकलेश्वरच्या प्लांटवर जा, ऑगस्टअखेरपर्यंत. तिथे राहण्याची सोय कंपनीची. म्हणजे बांदोड्याची माडी पाच महिने बंद आणि भाडं ७०,००० रुपये. घर सोडायचं मनात नव्हतं. बाळ घेऊन परत यायचं ते त्याच घरात, हे आमचं ठरलेलं होतं. त्याच आठवड्यात गडहिंग्लजचा एक सहकारी नव्याने रुजू झाला होता आणि खोली शोधत होता. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे रहा, विजेचं बिल भर, बाकीचं नंतर बघू. बाई तेव्हा मुलीकडे मडगावला होत्या. रविवारी मी त्याच्या हातात किल्ली दिली. बाईंना फोन करायचं मनात होतं, पण ‘गेल्यावर निवांत बोलू’ म्हणून राहिलं. घाई होती हे खरं. पण नकार येईल अशी धास्ती होती, हेही तितकंच खरं.

तो फोन

बुधवारी संध्याकाळी बाई घरी आल्या. अंगणात एमएच-०९ची मोटारसायकल, वर दिवा, जिन्यात अनोळखी बूट. लगेच मला फोन. बाई आमच्याशी नेहमी मराठीत बोलतात, शाळेतल्यासारखं स्वच्छ. त्या दिवशी पहिलं वाक्य कोकणीत आलं: “वयर कोण आसा रे?” त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

मी समजूत घालायला म्हटलं, “बाई, काळजी करू नका, माझा मित्र आहे. मी त्याच्याकडून भाडंसुद्धा घेत नाही.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, “भाडं घेत नाहीस? मग तो माझ्या घरात राहतो तो कुठल्या नात्याने?” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन. आठ दिवसांत त्याला बाहेर काढा आणि तुम्हीही सामान हलवायचं बघा.

भाडं घेत नाही हे ऐकून त्यांना बरं वाटेल, मी यातून कमाई करत नाही हे दिसेल, असा माझा समज. घडलं नेमकं उलट. का, ते मला बाईंच्या मुलीने फोनवर सांगितलं, आणि या प्रकरणाचा गाभा माझ्या मते तिथेच आहे.

बाईंच्या सासरचं नारळाचं भाट, म्हणजे बागायत, होतं. ते राखायला सासऱ्यांनी एक कुटुंब तिथे ठेवलं. भाडं नाही, कागद नाही. पुढे १९७५चा मुंडकार संरक्षण कायदा आला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला हाकलता येणार नाही, आणि ते घर भोवतालच्या जमिनीसकट विकत घेण्याचा हक्कही त्याला. त्या कुटुंबाने रीतसर दावा केला आणि घर मिळवलं. त्या कायद्याने गोव्यातल्या हजारो गरीब घरांच्या डोक्यावरची टांगती तलवार काढली, आणि मी तरी त्याच्याच बाजूचा आहे. बाईसुद्धा त्या कुटुंबाबद्दल कधी वाकडं बोलत नाहीत. “ते त्यांचंच होतं, त्यांना मिळालं,” एवढंच म्हणतात. पण सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या कचेरीतल्या खेपा त्यांनी वर्षानुवर्षं पाहिल्या. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली: कागदाशिवाय, भाड्याशिवाय कुणी राहिलं की पुढे काय होईल ते आपल्या हातात राहत नाही.

याला कायद्यातही आधार आहे. मुंडकाराच्या व्याख्येतून, घराचं भाडं भरणारा माणूस वगळलेला आहे. म्हणजे गोव्याच्या घरमालकाला भाडेपावती हे नुसतं पैसे मिळाल्याचं चिठोरं वाटत नाही, तिची त्याला ढाल वाटते. मी ‘भाडं घेत नाही’ म्हणालो आणि ती ढालच बाजूला केली. कायद्याच्या चौकटीत बघितलं तर माझा मित्र मुंडकार होणं शक्य नव्हतं. तो बाईंच्या संमतीने आलेला नव्हता, माझ्या सांगण्यावरून आला होता. पण रात्री एकटं असताना माडीवर अनोळखी पावलं वाजली की व्याख्या कुणाला आठवतात?

आणखी दोन काळज्या होत्या आणि दोन्ही रास्त. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं ही घरमालकाची जबाबदारी. फोंड्याच्या ठाण्यात बाईंनी स्वतः जाऊन भरलेल्या फॉर्मवर फोटो माझा, आणि घरात माणूस दुसरा. उद्या काही झालं तर विचारणा बाईंनाच. दुसरी काळजी घराच्या मालकीची. घर बाईंच्या दिवंगत नवऱ्याच्या नावावर. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, त्यामुळे निम्मा वाटा बाईंचा, उरलेला मुलांचा. वारसांमधल्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, इन्व्हेंटरी, अजून पुरी झालेली नाही. आमच्या ॲग्रीमेंटवर बाईंच्या जोडीला मुलाचीही सही होती. तेव्हा बाई एकट्याने ‘असू दे’ म्हणाल्या असत्या तरी ते पुरलं नसतं.

वकिलाने काय सांगितलं

फोंड्यातल्या एका वकिलांना मी फोनवर सगळं सांगितलं. मला वाटत होतं की महिन्याचं भाडं चोख भरतो, तेव्हा घर वापरायचं कसं हा माझा प्रश्न. अनेकांना तसं वाटतं. त्यांनी ते लगेच दुरुस्त केलं.

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८व्या कलमात पट्टेदाराला (भाडेपट्टा घेणाऱ्याला) पोटभाड्याने देण्याची मुभा आहे, पण करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच. आमच्यात नववं कलम होतं. त्यावर गोव्याचा १९६८चा इमारत भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा: ज्या घरांना तो लागू होतो तिथे मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे भाडेकरूला बाहेर काढण्याचं कारण ठरू शकतं. संमती लेखी, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. आणि आमचा कागद तर लायसन्सचा. लायसन्स म्हणजे त्या माणसापुरती परवानगी. १८८२च्याच सुविधाधिकार कायद्याच्या ५६व्या कलमाने ती दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. कागदाच्या माथ्यावर लायसन्स लिहिलं म्हणून ते लायसन्स ठरतंच असं नाही, न्यायालय मजकूर आणि ताबा बघतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९मध्येच स्पष्ट केलेलं. पण पट्टा म्हणा की लायसन्स, माझी बाजू दोन्हीकडून पडकीच होती.

मग तीन वाटा. पहिली, घर सोडायचं आणि सप्टेंबरात मिळालं तर पुन्हा घ्यायचं. सर्वांत सरळ, पण सामान, बाळंतीण आणि अनिश्चितता. दुसरी, बाईंनी माझ्या मित्राशी थेट पाच महिन्यांचा करार करायचा. यात मी मोकळा, पण ज्याला त्या ओळखतही नाहीत त्याची सगळी जोखीम बाईंच्या अंगावर. मुदत संपल्यावर तो हलला नाही तर भांडण त्यांचं. तिसरी, पोटभाड्याला मुदतीची लेखी संमती, आणि बाईंपुढे जबाबदार मीच. वकिलांनी तिसरी सुचवली, आणि आज विचार केला तरी मला तीच योग्य वाटते. चुकीचं ओझं ज्याने चूक केली त्याच्याकडेच राहिलं पाहिजे.

१२ एप्रिल

फोनवर हे होणार नाही हे कळत होतं. मधल्या काळात मित्राला मी कारखान्याजवळच्या एका लॉजवर हलवलं आणि खर्च मी केला. मुलाने दिलेली आठ दिवसांची मुदत पाळली गेली, हे पुढे उपयोगी पडलं. माडीची किल्ली त्याने बाईंच्या हातात दिली आणि नमस्कार करून गेला. बाईंनी मला नंतर सांगितलं की त्यांचा राग तिथे निम्मा उतरला.

दोन दिवसांची रजा काढून मी कोकण रेल्वेने मडगावला उतरलो आणि शनिवारी, १२ एप्रिलला सकाळी बाईंच्या दारात उभा राहिलो. मुलगी आली होती. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर.

मी तयारी करून गेलो होतो, कलमं, मुद्दे. त्यातलं काहीच आधी बोललो नाही. म्हटलं, “बाई, तुमच्या घरात माणूस ठेवताना तुम्हाला विचारलं नाही. चुकलो.” बाई म्हणाल्या, “विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं असं वाटलं तुला?” मी हो म्हणालो. “मग विचारायचंच होतंस. नाही म्हणायचा हक्क तरी माझा राहिला असता.”

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. पोटभाड्याच्या भांडणात भाडेकरूचा हिशोब पैशाचा असतो आणि त्याला वाटतं समोरच्याचाही तसाच आहे. बाईंना वरच्या मजल्यातून एक रुपयाही जास्त नको होता. आपल्या उंबऱ्याच्या आत कोण आहे हे आपल्याला ठाऊक असावं आणि आपल्या होकाराने असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही घर भाड्याने घेतो तेव्हा भिंती घेतो. तो होकार आपल्याकडे आलेला नसतो.

मुलगा कडक होता, आणि त्याच्या जागी मीही असतो. आई एकटी, तो चारशे-साडेचारशे किलोमीटर लांब. त्याचे प्रश्न थेट होते: हा माणूस गेला नाही तर? पाहुणे आणून बसवले तर? वीकेंडला पर्यटकांना खोली दिली तर? शेवटचा प्रश्न गोव्यात कुणालाच हसण्यावारी नेता येत नाही. पर्यटकांना पैसे घेऊन ठेवायचं तर १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद लागते, आणि परदेशी माणूस उतरला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला द्यावी लागते. नोटिसा येतात त्या घराच्या मालकाला.

दुपारपर्यंत कागद ठरला. संमतीपत्र बाईंच्या आणि मुलाच्या सहीचं, मूळ ॲग्रीमेंटवर ज्यांच्या सह्या त्यांच्याच. मुदत १५ एप्रिल ते ३१ ऑगस्ट, आपोआप वाढणार नाही. राहणार एकच माणूस, नावानिशी. घरचे पाहुणे चालतील, पण पैसे घेऊन कुणालाही ठेवायचं नाही. भाडं १४,००० मीच बाईंच्या खात्यात पाच तारखेच्या आत भरणार. मित्र मला १०,००० देणार आणि वीज. हा आकडाही पत्रात लिहिला. मी मूळ भाड्यापेक्षा जास्त घेत नाही हे बाईंना दिसावं, आणि तो फुकट राहत नाही हेही. मोडतोड झाली तर बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही, माझ्याकडे मागायचं. मुलाच्या म्हणण्यावरून डिपॉझिटमध्ये आणखी १४,००० घातले.

भाडं मित्राने थेट बाईंना द्यावं असं मुलीने सुचवलं होतं. सोयीचं होतं ते. वकिलांनी थांबवलं. राहणाऱ्याच्या नावाने मालकाने पैसे घेतले, पावत्या दिल्या, की पुढे तो ‘मी यांचाच भाडेकरू’ असं म्हणायला मोकळा होतो. म्हणून पैसा मित्राकडून माझ्याकडे, माझ्याकडून बाईंकडे. शिवाय मित्राने वेगळं पत्र दिलं की त्याचं राहणं माझ्या करारावर अवलंबून आहे, स्वतंत्र हक्क कोणताही नाही आणि ३१ ऑगस्टला जागा रिकामी करेन. संध्याकाळी बाई, मित्र आणि मी असे तिघे पोलीस ठाण्यात जाऊन त्याच्या नावाचा फॉर्म देऊन आलो, आधारची प्रत, फोटो, कंपनीचं पत्र जोडून. परत येताना बाईंनी त्याला विचारलं, “जेवायला काय करतोस तू?”

कागदात नसलेली कामं

इथवर सगळं मार्गी लागलं असं मला वाटलं. मे महिन्यात कळलं की नाही.

तीन वर्षांत मी बाईंसाठी काही कामं सवयीने करत आलो होतो. मेच्या शेवटी कौलांवर चढून पन्हळीतला पाचोळा काढणं. विहिरीच्या पंपाचा व्हॉल्व्ह रात्री बंद करणं. महिन्यातून एकदा त्यांना फोंड्याला डॉक्टरकडे नेणं. यातलं काही ॲग्रीमेंटमध्ये नव्हतं आणि मित्राला मी सांगितलंही नव्हतं. माझ्या दृष्टीने ती कामं नव्हतीच, येताजाता होणारं होतं. त्या वर्षी पाऊस मेच्या विसाव्या तारखेलाच कोसळायला लागला आणि मान्सूनही मेच्या शेवटच्या आठवड्यातच गोव्यात पोचला. पन्हळ तुंबलेली. पाणी मागे फिरलं आणि बाईंच्या देवघराच्या भिंतीत उतरलं.

बाईंनी तक्रार केली नाही. मला कळलं ते मित्राकडून, तेही आठवडाभराने. तो भर पावसात वर चढला होता आणि पन्हळ मोकळी केली होती. माझ्याकडे त्याने चिडून विचारणा केली, “हे मला कुणी सांगायचं?” बरोबर होतं त्याचं. घरमालकाशी असलेला चांगुलपणा आपण वर्षानुवर्षं साठवतो, पण किल्लीबरोबर तो पुढच्याच्या हातात जात नाही. मी त्या रात्री बसून सगळं लिहून काढलं: पंप किती वाजता, कुठला नळ हळू फिरवायचा, गवळी कधी येतो, बाईंना ऐकू कमी येतं म्हणून हाक कुठून मारायची. दोन पानं झाली. ती मार्चमध्ये द्यायला हवी होती.

भिंतीचा खर्च ३,५०० रुपये निघाला. मी पूर्ण देतो म्हटलं, बाईंनी निम्मेच घेतले. कौलं त्यांची आहेत, म्हणाल्या.

श्रावणाआधी आणखी एक गाठ बसली. बाईंची इच्छा होती की महिनाभर वर मासे-मटण शिजू नये. गडहिंग्लजच्या पोराला ते जड. मला दोघांचेही फोन. मी मध्ये पडलो नाही, दोघांना म्हटलं एकमेकांशी बोला. ते बोलले. बाईंनी श्रावणाचा आग्रह सोडला, त्याने चवथीचे (गणपतीचे) दीड दिवस स्वतःहून कबूल केले. भाड्याच्या घरात काय शिजवायचं हे राहणाऱ्याने ठरवावं, हे माझं मत आजही आहे. पण ऐकून सोडलेला आग्रह आणि लादलेला नियम यांतला फरक मी तेव्हा जवळून पाहिला.

चवथ २७ ऑगस्टला होती. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला, लागणारी फळं-पानं आणायला दरवर्षी मी जायचो. त्या वर्षी बाई मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजारात गेल्या, हे मला सावंतवाडीत बाळाला मांडीवर घेऊन फोनवर ऐकायला मिळालं.

३० ऑगस्टला मित्राने जागा रिकामी केली. मुदतीच्या एक दिवस आधी. कवळ्याला त्याला खोली मिळाली होती, आणि तीही बाईंच्या ओळखीने. सबमीटरचं शेवटचं रीडिंग बाईंनी आणि त्याने मिळून लिहून ठेवलं. मुलाने जादाचे १४,००० आठ दिवसांत परत केले. तो अजूनही माझ्याशी मोजकंच बोलतो, आणि मी ते समजून आहे.

ऑक्टोबरपासूनचा नवा कागद झाला तेव्हा नववं कलम बाईंनी स्वतः बदलून घेतलं. आता ते असं आहे: ‘घरमालकांच्या आगाऊ लेखी संमतीशिवाय जागा कुणालाही वापरण्यास देऊ नये. अशी संमती मागितल्यास घरमालक १५ दिवसांत लेखी उत्तर देतील.’ दुसरं वाक्य मी मागितलेलं नव्हतं. वकिलांनी विचारलं, मालक स्वतःवर असं बंधन का घालून घेतात? बाई म्हणाल्या, “याने पुढच्या वेळी विचारावं म्हणून.”

देवघराच्या भिंतीवरचा डाग अजून आहे. पावसाळ्यानंतर भिंत पुरती सुकली की डिसेंबरात रंग लावायचा ठरलं आहे. रंग बाई आणणार, शिडी मी धरणार, आणि गडहिंग्लजचा वर चढणार.